गॉटलोबचं बकल

माझा धाकटा भाऊ गॉटलोब घोडदळात नालबंद होता. वुर्टेम्बर्गच्या राजाच्या फौजेत त्याच्या तोडीचा नालबंद झाला नाही. भाऊ म्हणून सांगत नाही, घोड्यांना विचारा. नऊ वर्षं सरळ चाकरी केली तेव्हा त्याला राजाचं बकल मिळालं. रिबिनीवर बसवलेली बोटभर चौकट, मधे राजाची अक्षरं. शौर्याचं नव्हे, टिकून राहिल्याचं. टिकणंच अवघड असतं हो. लढाई कधीतरी, घोड्यांच्या लाथा रोजच्या.

पुढं गावात त्यानं भट्टी टाकली. बायको नाही, पोर नाही. माजी सैनिकांच्या मंडळाचा झेंडा मात्र दर मिरवणुकीत त्याच्याच हातात. तेवढाच त्याचा संसार.

मग राजानं बकलाऐवजी गोल पदक काढलं. जुनं टाका, असं राजा कुठं म्हणाला? म्हणाला मंडळाचा अध्यक्ष रोमिंगर, बिअरवाला. बापाच्या पैशावर फौजेत एकच वर्ष काढून आलेला गडी!

"राजाच्या वाढदिवसाला सगळ्यांच्या छात्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत," तो सभेत म्हणाला. "गॉटलोब, नवं लाव, नाहीतर झेंडा सोड."

"हे मला सगळ्या रिसाल्यासमोर मिळालंय. उतरवणार नाही."

"शेवटचं विचारतोय."

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, रोमिंगरसाहेब."

रोमिंगर लालबुंद. "मग आजपासून हा मंडळाला मेला!" झेंडा त्यानं टोबियासला दिला. हा टोबियास फौजेत गॉटलोबच्याच हाताखाली होता.

फेब्रुवारीत वाढदिवस आला. गुडघाभर बर्फ. गॉटलोबनं मसूर-शेवयांची ताटली बाजूला सारली.

"खा रे, उपाशी कशाला?"

"दादा, तो झेंडा आज दुसऱ्याच्या हातात बघायचाय. घास उतरत नाही."

तरी त्यानं जुना गणवेश चढवला, बकल लावलं आणि भट्टीच्या दारात ताठ उभा राहिला.

आमच्याकडे रीत आहे. वर्षभरात जो सैनिक गेला, त्याच्या दारासमोर झेंडा झुकवायचा, ढोल थांबवायचा. मिरवणूक आली. टोबियास गॉटलोबच्याच दारासमोर थांबला आणि झेंडा झुकवला. ढोल थांबला. माणसांनी टोप्या काढल्या.

"गाढवा, हे काय?" रोमिंगर ओरडला.

"तुम्हीच म्हणालात ना, मेला म्हणून? रीत कशी मोडू?"

"वर घे रे!" गॉटलोब दारातून गरजला. "टोक बर्फात बुडतंय!"

"मुडदा बोलला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी रांग खिदळली. गॉटलोब तरातरा गेला, त्यानं काठीला हात घातला. टोबियासनं ती लगेच सोडली.

"सोड तो झेंडा!"

"मेलेल्यावर तुमचा हुकूम चालत नाही, साहेब."

झेंडा वर गेला. ढोल वाजला. रोमिंगर मागून चालला. त्याच्या छातीवर ना जुनं, ना नवं. एका वर्षाचं काय मिळणार?

मी भावाच्या बरोबरीनं, सगळ्यांच्या पुढं चाललो. मी फौजेत कधीच नव्हतो. पण मला हटकायची कुणाची छाती झाली नाही.