ओले फडके

अक्काच्या कमरेला कायम एक ओले फडके खोचलेले असे. दर थोड्या वेळाने हातातले काम थांबवून ती ते डोळ्यांवर धरी आणि पुन्हा कामाला लागे. अक्का म्हणजे माझी थोरली वहिनी. माहेर धुळ्याचे. असोद्याला आमच्या घरी आली तेव्हापासून तिचे डोळे कोरडे होते. चुलीच्या धुराने आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी गळे, तिचे नुसतेच लाल होत. "रेती भरेल शे डोयास्मा," एवढेच ती सांगे. कापूस वेचतानाही ती वाऱ्याकडे पाठ करून वेची, म्हणून आई तिला नवाबाची लेक म्हणे. आम्ही हसत असू.

माझा थोरला भाऊ, अक्काचा नवरा, तापाने गेला. आमच्याकडे दारावर, म्हणजे दुखवट्याला, बसायला आलेली बाई आधी विधवेच्या गळ्यात पडते, मग तिचे तोंड वर करून पाहते. अक्काच्या डोळ्यांत थेंब नव्हता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तिसऱ्या दिवशी तिला डोळ्यांची आग सहन झाली नसावी. तिने पदराआडून फडके डोळ्यांना लावले आणि त्याचे पाणी गालावर ओघळले. ते मी पाहिले. भावावर माझा फार जीव होता. सगळ्यांसमोर ते फडके हिसकावून मी म्हणालो, "पाणी लावून रडतेस?"

महिन्याभरात अक्काचा भाऊ तिला धुळ्याला घेऊन गेला. तिला थांब म्हणणारे घरात कोणी उरले नव्हते.

पुढे मीही धुळ्याला एका कापसाच्या जिनात कारकून झालो. महायुद्धाच्या वर्षांत माझेच डोळे वाळले. पापणी उघडताना आत चरचरे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही झालेले नाही. बायको म्हणाली, कामाचा कंटाळा. शेवटी मान खाली घालून अक्काच्या दारी गेलो. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "किती दिन व्हयनात?" तोवर सगळ्यांनी, खरेच दुखते का, एवढेच विचारले होते.

मी सांगू लागलो, तर म्हणाली, "डोया मिटी ले भाऊ. माले ठाऊक शे." आणि स्वतःचे फडके माझ्या डोळ्यांवर ठेवले.

मग दर रविवारी जाऊ लागलो. सकाळी पापणी एकदम उघडायची नाही, आधी ओले फडके ठेवायचे, हे तिने शिकवले. माझ्यासाठी एक फडके कडा दुमडून शिवून दिले. आम्ही दोघे डोळे झाकून ओट्यावर बसत असू. "दोन घुबडं बठेल शेतस," ती म्हणे. डोळे झाकलेले असताना माफी मागणे सोपे जाईल असे मला वाटे. एकदा सुरुवातही केली, "अक्का, त्या दिवशी दारावर..." तिने फडके वाळल्याचे सांगून मला घागरीकडे पाठवले. परत आलो तेव्हा माझा धीर सरला होता. त्यानंतर कितीतरी रविवार आले नि गेले.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. मी तिच्या दारावर बसलो होतो. तिच्या भाच्या रडत होत्या. मागे कोणी बाई कुजबुजली, "दर रविवारी यायचा, आणि डोळ्यांत टिपूस नाही." डोळ्यांची आग आग होत होती. खिशात अक्काने शिवलेले फडके होते, सकाळीच भिजवलेले. मी हात घातला. बोटांना ओल लागली.

लोक बघत होते. मी हात रिकामाच बाहेर काढला.