पंखाच्या पलीकडचा हात

समोर कापड आलं की अण्णा आधी त्यावर नखानं टिचकी मारत आणि लगेच तळहात टेकवत. यंत्रमागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला टिचकी ऐकू येणार कुठून? तिची थरथर ते हातानं ओळखत. मग निकाल यायचा: "झोळ हाय," नाहीतर "बसलं की!"

या अण्णांना मी माझ्या विमानाच्या पंखांना कापड चढवायला बोलावलं. हसू नका. होटगी रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, पॉलिटेक्निकचा मास्तर, सहा वर्षं एक छोटं विमान बांधतोय. गल्लीत त्याला 'सरांचं खूळ' म्हणतात. शेजारच्या अण्णांनी मात्र कापड चिमटीत धरून विचारलं, "मी विनलेल्या चादरी मानसं अंगावर घ्यायची. हे कापड मानसाला उचलतंय व्हय?"

मी खडूनं हवेचे बाण काढून दाखवले. त्यांनी बाणांवरून बोट फिरवलं. "बगू की, उडल्यावर," म्हणाले.

पहिल्या पंखाच्या सांगाड्यावर कापड कडांना चिकटवून, इस्त्रीनं आक्रसवून ताठ केलं. मग ते आतल्या फासळ्यांना शिवायचं. पंख मधे उभा. अलीकडून मी लांब सुई आरपार ढकलायची, पलीकडे अण्णांनी विमानबांधणीच्या पुस्तकातल्या चित्रासारखी गाठ मारून सुई परत द्यायची. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, हाक त्यांना ऐकू जात नव्हती. म्हणून ठरलं: दोऱ्याला एक झटका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांबा, चुकलं.

एकच फासळी उरली तेव्हा, अण्णा घरी गेल्यावर, मी सहज पलीकडे जाऊन पाहिलं. पहिल्या दोन गाठी पुस्तकातल्या होत्या. पुढच्या सगळ्या तुटलेला धागा जोडायच्या, विणकराच्या. दिसायला देखण्या, पण उडताना थरथरून सैल पडतील अशा. हातानं आपली जुनी सवय धरली होती.

त्यांना तोंडावर सांगायचा धीर मला होईना. सकाळी ते आपल्या जागी उभे राहिले, तेव्हा मी सुई आरपार ढकलली आणि दोऱ्याला दोन झटके दिले.

अण्णा वळसा घालून आले. मी पुस्तकातलं चित्र पुढे केलं. ते डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "ह्या विमानात बसनार कोन?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"मग कात्री द्या."

सगळ्या गाठी त्यांनी स्वतः कापल्या, मला हात लावू दिला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता प्रत्येक गाठीनंतर येणारा झटका जरा उशिरा यायचा, कारण पलीकडे पुस्तक उघडं असायचं. पंख पुरा झाला, तेव्हा टिचकी, तळहात आणि "बसलं की!"

दिवाळीनंतर अण्णा गेले. विमान उडेल तेव्हा बघायला ते नसतील, याची मला फार रुखरुख आहे.

दुसऱ्या पंखाच्या पलीकडे आता माझी बायको उभी असते. गाठ बसली की ती मोठ्यानं सांगते. तरी मी दोरा धरून झटक्याची वाट बघत राहतो.

"अहो, झाली म्हटलं ना," ती पलीकडून म्हणते, "पुढं चला की."