रिकामी फेरी

माझ्या मुलाला कामावरचे लोक कानसेन म्हणायचे. लिफ्टच्या दाराला कान लावून तो बिघाड सांगायचा. वरची पुली घासतेय, तिसऱ्या मजल्याचं कुलूप ढिलं झालंय, असं. लहानपणी त्याने घरातली बेल तीनदा उघडली होती. तिसऱ्यांदा ती इतकी मोठ्याने वाजू लागली की खालच्या मजल्यावरच्या बाई महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्याने कॉलेजात जावं म्हणून मी पुष्कळ डोकेफोड केली. तो म्हणाला, "आई, तू शिकलीस ना, तेवढं पुरे आपल्या घराला."

अकरा वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. त्याच्या शर्टांच्या उजव्या बाहीचं ग्रीस कधीच निघालं नाही. माझा स्वभाव काळजीचा, म्हणून कामावर पोचल्यावर फोन करायचा असा दंडक होता. तो करायचा. "पोचलो. धडधाकट आहे. ठेव."

त्यांच्या कामात एक नियम असतो. दुरुस्ती झाली की पहिली फेरी रिकामी मारायची. कॅबिनमध्ये कोणी नाही, कॅबिनच्या टपावर कोणी नाही, मग बटण. अकरा वर्षं त्याने तसंच केलं. त्या दिवशीही तसंच केलं. "झालं का?" असं त्याने विचारलं, जोडीदार "झालं" म्हणाला आणि बाहेर आला. मग पाना वर राहिला म्हणून तो न सांगता परत टपावर चढला. माझ्या मुलाने बटण दाबलं. जोडीदार वाचला नाही. चौकशीत त्याचा दोष निघाला नाही. तसा कागद घरी आला, मी तो कपाटात ठेवला.

तेव्हापासून तो खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसतो. जेव म्हटलं की जेवतो, आंघोळ कर म्हटलं की करतो, झोप म्हटलं की आडवा होतो. चार महिने झाले. सुरुवातीला मी रडायचे. मग तेही थांबलं. मी त्याचं ताट वाढते, उचलते, धुते.

डॉक्टर म्हणाले, "सांगितलेलं करतो, ठीक. स्वतःहून काय करतो? एक गोष्ट सांगा." मला सांगता आली नाही. "दोन आठवड्यांनी या. तोवर काहीच दिसलं नाही तर दाखल करून घेऊ." दाखल म्हणजे कुठे, ते मी पाहून आले. लांबलचक खोली, ओळीने पलंग, आणि प्रत्येक पलंगाशी एक खुर्ची. त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. त्याने पायाने चप्पल सरकवली तरी मी ते हिशेबात धरायचे, आणि मग सोडून द्यायचे.

त्याच सुमारास माझी लेक आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली. येताना तिने एक जुना व्हिडिओ गेम आणला, तिच्या ऑफिसातल्या कोणाच्या मुलांनी टाकलेला. टीव्हीच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवायचा. खेळताना हातात काही धरायचं नाही. कॅमेरा आपल्याला बघतो, आपली सावली टीव्हीवर उमटते, आणि हात हलवून वरून पडणारे फुगे फोडायचे. चौघांनी मिळून धिंगाणा घालायचा खेळ.

"घरात जरा आवाज होऊ दे," लेक म्हणाली.

पहिल्यांदा लावताना कॅमेऱ्याला खोली ओळखायची असते; नंतर त्यात जे वेगळं दिसेल त्याचीच सावली तो दाखवतो. खोली रिकामी करा, दहा आकडे मोजून होईपर्यंत बाहेर थांबा, अशी सूचना आली. आम्ही तिघी पॅसेजमध्ये गेलो.

"आजी, मामा राहिला," नात म्हणाली.

"राहू दे गं. त्याला कशाला उठवायचं?"

दहा आकडे झाले. खेळ सुरू झाला. टीव्हीवर आमच्या तिघींच्या सावल्या आल्या. त्याची आली नाही.

"मामा का नाही दिसत?"

"हलत नाही ना तो," लेक म्हणाली.

"म्हणजे मामा फर्निचर?"

लेकीने तिला दटावलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

रोज संध्याकाळी खेळ व्हायचा. कॅमेऱ्याने एकदा ओळखलेली खोली त्याच्या लक्षात राहते, त्यामुळे पुन्हा कोणाला बाहेर जावं लागलं नाही. बाराव्या दिवशी खेळ रंगात असताना मी मुलाला म्हटलं, "जा, आंघोळ करून घे." तो उठून गेला. आणि टीव्हीवर, त्याच्या खुर्चीच्या जागी, एक सावली आली. बसलेली. खांदे उतरलेली.

"आजी! मामा आला!"

"अगं, मामा न्हाणीघरात आहे."

"मग हा कोण?" सावलीच्या खांद्यावर फुगा पडला आणि फुटला. "त्याला गुणपण मिळाला! मला नाही मिळाला!"

"बिघडलंय," लेक बटणं दाबत म्हणाली. "फुकटचं असंच असतं."

तो ओल्या केसांनी दारात आला. टीव्हीकडे बघत उभा राहिला. मग खुर्चीत बसला. सावली गेली. तो उठला. सावली आली. मी टॉवेल हातात घेऊन उभी होते. ऊठ असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

"खोली ओळखवली तेव्हा मी आत होतो?" त्याने विचारलं. आवाज बसलेला होता.

"आजीच म्हणाली राहू दे," नातीने चहाडी केली.

"तुला त्रास नको म्हणून रे..."

"रिकामी लागते, आई. आधी रिकामी लागते."

त्याने आम्हाला पॅसेजमध्ये काढलं. पडद्यामागे पाहिलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. सोफा भिंतीपासून ओढून मागे पाहिलं.

"कोण राहिलंय आत?"

"कोणी नाही!" नात हसली.

"कोण राहिलंय?"

या वेळी ती हसली नाही. लेक म्हणाली, "कोणी नाही रे. बघ, तिघी इथे आहोत." त्याने येऊन एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजलं. मग परत आत गेला, खोली पुन्हा ओळखवायच्या बटणावर अंगठा ठेवला आणि तसाच उभा राहिला. माझ्या तोंडावर आलं होतं, दाब रे. मी ओठ मिटून धरले. मी सांगितलं असतं तर ते माझंच झालं असतं. नात तोंड उघडणार तोच मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

शेवटी त्याने दाबलं, आणि बाहेर येऊन आमच्यात उभा राहिला. त्याच्या केसांचं पाणी माझ्या खांद्यावर ठिबकत होतं. आतून दहा आकडे ऐकू आले. बाकी काही ऐकू आलं नाही.

तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. पण आता टीव्हीवर चार सावल्या होत्या. एक फुगा त्याच्या डोक्यावर येऊन फुटला.

"मामाला एक!" नात ओरडली. तो हसला नाही. मीही नाही.

शुक्रवारी मी डॉक्टरांना सांगितलं, "त्याने एक बटण दाबलं. स्वतःहून." कसलं ते त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. दाखल करायचं तूर्त राहिलं, दोन आठवड्यांनी परत या म्हणाले.

दवाखाना चौथ्या मजल्यावर आहे. चढताना आम्ही जिन्याने गेलो होतो, उतरतानाही जिन्यानेच. दुसऱ्या मजल्यावर तो लिफ्टच्या दाराशी थांबला. आतून लिफ्ट जात होती.

"काय रे?"

"काही नाही. ठीक चाललीय," तो म्हणाला, आणि उतरू लागला.