घणमामूंचा उजवा डोळा

घणमामू आधी मारायचे आणि कशासाठी मारलं ते नंतर सांगायचे. वाळूजच्या फोर्जिंग कारखान्यात सगळ्यांत मोठा हॅमर त्यांच्या ताब्यात होता. लालभडक लोखंड साच्यावर आलं की हॅमर असा आदळायचा की पायाखालची जमीन हादरायची. कुणी हातमोजे न घालता सांडशी धरली, तर मामूंची थप्पड बसलीच म्हणून समजा. "हात जळण्यापेक्षा गाल लाल झालेला बरा," असं वर ऐकवायचे.

गडी मूळचा खुलताबादचा. उंच, हाडापेराचा, घाऱ्या डोळ्यांचा. "मी पोलीस ॲक्शनच्या सालची पैदाईश. बाहेर गोळ्या चालू होत्या अन् घरात मी जन्मलो. डोकं थंड कुठून राहणार?" असं ते अभिमानानं सांगत. मी सोयगावचा, म्हणून त्यांनी माझं नावच 'सोयगाव' करून टाकलं होतं. बजाजनगरात आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. मामींनी मटण केलं की मामू मधल्या भिंतीवर बुक्की हाणून मला बोलवायचे, आणि पोचायला उशीर झाला की शिव्या देत देत वाढायचे.

एका वर्षी मात्र त्यांची भांडणं फारच वाढली. कॅन्टीनमध्ये कुणी शेजारी येऊन बसलं, तरी दचकून कोपर मारायचे. एकदा मोटारसायकल घेऊन उजवीकडच्या रिक्षावर आदळले आणि खाली उतरून रिक्षावाल्यालाच बुकललं. "लोकं चोरासारखी अंगावर येतात," ही त्यांची तक्रार.

त्यांच्या हॅमरवर साचा बदलायचा निरोप घेऊन मी गेलो, तेव्हाची गोष्ट. आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून उजव्या बाजूनं हात हलवत गेलो आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते गर्रकन वळले ते हातातली सांडशी फिरवतच. माझा जबडा मोडला. दोन दात तिथंच जमिनीवर पडले आणि तोंडातून रक्ताची धार लागली.

"तू कुठून आला रे? तू नव्हता इथं!" मामू ओरडत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दवाखान्यात माझा जबडा तारांनी बांधला. मामू रोज सूप घेऊन यायचे. माफी त्यांनी एकदाही मागितली नाही. चमच्यानं सूप पाजायचे आणि सांडलं की माझ्यावरच खेकसायचे. पडल्या पडल्या 'तू नव्हता इथं' हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मी कागदावर लिहिलं, 'मामू, तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही.' त्यांनी कागद टराटरा फाडला. मग मी खुणेनं त्यांना डावा डोळा झाकायला लावलं, माझ्या नाकाकडे बघायला लावलं आणि उजव्या बाजूनं बोट हळूहळू पुढं आणत गेलो. बोट त्यांच्या गालाला टेकलं, तेव्हा ते केवढ्यानं तरी दचकले.

तारा निघाल्यावर मीच त्यांना शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो.

"कारखान्याच्या तपासणीत सगळी अक्षरं वाचली की मी," मामूंनी आधीच सुनावलं.

"अक्षरं समोर असतात. तुमची अडचण बाजूला आहे," बाई म्हणाल्या. थेंब टाकून त्यांनी बाहुली मोठी केली, दिव्यानं बराच वेळ आत पाहिलं, मग पापणीवरून सोनोग्राफी केली. डोळ्यातल्या पडद्यामागं, नाकाच्या बाजूला, एक तपकिरी गाठ अळंबीसारखी वर आली होती.

"मेलॅनोमा आहे. डोळ्याच्या आतला कॅन्सर."

"ठिणगी लागली असंल."

"ठिणगीचा संबंध नाही. डोळ्याला रंग देणाऱ्या पेशीच बिघडतात. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून लवकर कळत नाही. गाठ फार वाढलीय. डोळा काढावा लागेल."

मामूंनी बसायचं स्टूल उचललं आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या पेटीवर फेकलं. काचांचा चुरा झाला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"झालं? आता बसा. अजून सांगायचंय. हा आजार रक्तातून पसरतो, बहुतेक वेळा लिव्हरमध्ये. डोळा काढल्यावर कित्येक वर्षांनीसुद्धा. दर सहा महिन्यांनी पोटाची तपासणी करायची."

"डोळ्यातून पोटात? सडक हाय का मधी?"

"रक्त हीच सडक."

डोळा काढला. काचेचा डोळा बसवून मामू कामावर आले, पण हॅमर गेला होता. त्यांना गोदामात बसवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये शिरून त्यांची कॉलर धरली. "माणसांकडून नुसता तक्ता वाचून घेता! थेंब टाकून आतलं बघा!" आठ दिवस निलंबित झाले. पुढच्या तपासणीला मात्र हॅमरवरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडले.

पोटाच्या तपासण्या त्यांनी कुरकुरत का होईना, एकही चुकवली नाही. चौथ्या वर्षी लिव्हरमध्ये डाग दिसले. एक नव्हे, पाच-सहा. तिथून आजारानं त्यांना मोडायला दोन महिनेसुद्धा घेतले नाहीत. पोट नगाऱ्यासारखं झालं, अंग हळदीसारखं. मामी त्यांना खुलताबादला घेऊन गेल्या. तिथंही ते ताटं भिरकावत होते, औषधाच्या बाटल्या फोडत होते.

मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना उठवून बसवताना माझा हात पोटाला लागला. त्यांनी संतापून माझ्या छातीत बुक्की मारली. कुणी फडका टाकावा, तशी ती अंगावर आली. ते स्वतःच्या मुठीकडे पाहत राहिले.

"लागलं का, सोयगाव?"

"लागलं, मामू. लई लागलं."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ते गेले. मी पोचलो तेव्हा मामी उंबऱ्यात बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला जवळ बसवून हळूच म्हणाल्या, "सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. मी उठलेच नाही."