उसने आणलेले काडू

१९६१ साल, फाल्गुन महिना. शिमगा आठ दिवसांवर होता. तेव्हा मी मालवणात हायस्कूलचा शिपाई होतो. शाळेत धूळ साठते तसे किस्सेही साठतात. धूळ मी रोज झाडली. किस्से राहिले.

त्या आठवड्यात शास्त्राचे सर मुंबईहून काचेच्या बरणीत एक प्राणी घेऊन आले. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पाय, मानेला लाल पिसांसारखे कल्ले. नाव ॲक्सोलॉटल.

क्लार्क तात्या डोकावले आणि मला म्हणाले, "गोविंदा, ह्यो कसलो मासो रे? पाय आसत ह्येका!"

"मासा नव्हे," सर म्हणाले. "बेडकाच्या नात्यातला."

"मगे ह्येका उडी मारूक कोण शिकवतलो?"

*

त्याला उष्मा सोसत नाही. म्हणून मातीच्या कुंड्यात ठेवला, बाहेरून ओलं गोणपाट. विहिरीजवळचं एक गांडूळ खणून मी पाण्यात सोडलं. प्राणी हलेना.

"उपास आसतलो," तात्या म्हणाले.

तेवढ्यात गांडूळ नाहीसं झालं! झडप नाही, चावणं नाही.

"खंय गेलो?" तात्या कुंड्याखाली बघू लागले.

तो तोंड उघडतो, पाणी आत ओढलं जातं, पाण्याबरोबर गांडूळही जातं, असं सरांनी सांगितलं. जन्म समुद्राकाठी गेला, पण असा घास मी पाहिला नव्हता.

*

एकदा गांडूळ गिळल्याबरोबर सरांनी त्याला बरणीत घालून उजेडात धरलं. पोटाची कातडी पातळ. आत गांडूळ वळवळत होतं! मग थांबलं.

"आता जठरातला रस त्याला विरघळवणार," सर म्हणाले.

तात्यांच्या डब्यात त्या दिवशी तांदळाच्या शेवया होत्या. डबा त्यांनी मला दिला!

*

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तळाशी त्याच्या विष्ठेची काळी गोळी दिसली. सरांनी ती चिमट्याने फोडली. आत मातीचे कण. गांडूळ सगळं जिरलं, त्याच्या पोटातली माती तेवढी परत आली.

मी ती माती विहिरीजवळ नेऊन टाकली.

*

मे महिन्यात सर देवगडला घरी गेले. "गोविंदा, हा तुमच्यावर सोपवला."

मी "होय" म्हटलं.

वैशाखात विहिरीजवळचीही जमीन दगड झाली. गांडूळ मिळेना. भात टाकला, त्याने ओढला आणि थुंकला. सुकट टाकली, तीही थुंकली. आठव्या दिवशी कल्ले पांढरे पडले.

गांडुळं होती फक्त भिकूकडे. शाळेमागे राहायचा, खाडीत गरी, म्हणजे गळ, टाकून मासे धरायचा. गरीला लावायचे काडू, म्हणजे गांडुळं, तो पोफळीखाली नारळाच्या ओल्या सोडणात जपून ठेवी. दोन वर्षांमागे त्याच्या घागरीसाठी मी शाळेच्या विहिरीचं फाटक उघडलं नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद.

मी गेलो.

"शाळेचो सायब इलो! काय होया?"

"काडू."

"खाऊक?"

"माका नाय. चल, दाखवतंय."

भिकू कुंड्याशी उकिडवा बसला. काडू सोडला. गेला! भिकूने डोकीवरचं फडकं काढलं.

"गरी नाय, दोरी नाय," तो हळूच म्हणाला. "आणि आमी दिसभर बसतंव."

नंतर दर दोन-तीन दिवसांनी काडू तोच घेऊन यायचा. "उसने हत. मिरगात परत दी."

मृग लागला. सर आले. प्राणी ठणठणीत होता. मी माती उकरली आणि करवंटीत काडू भरून भिकूच्या पायरीवर ठेवले.

त्याने मोजले. तेरा द्यायचे होते, चौदा निघाले.

त्याने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मी विहिरीचं फाटक उघडलं आणि घंटा द्यायला गेलो.