नबीसाबची निरगाठ

नबीसाबला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. आपण मारलेली गाठ सुटत नाही. सोलापूरच्या गिरणीत मागावर उभं राहून त्याने उमेदीची सगळी वर्षं तुटलेले धागे सांधण्यात घालवली. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरलं की गाठ बसलेलीच, आणि तीही अशी बारीक की कापडावरून हात फिरवून कळू नये. खात्याचा मुकादम, जॉबर, साऱ्यांना शिव्या घालत हिंडायचा, पण नबीसाबपाशी आला की त्याचा आवाज खाली यायचा. मग गिरणी बंद पडली. पंचेचाळिशीचा नबीसाब सात रस्त्यावरच्या एका कापडदुकानात गठ्ठे वाहू लागला. तिथे त्याच्या बोटांना कोण विचारतो? गठ्ठ्याला पाठ लागते, आणि पाठ कधीच थकली होती.

मोडनिंबला बहिणीकडे गेला असताना त्याला कोंडीबा भेटला, रोपवाटिकेत डोळे भरणारा म्हातारा. गावठी बोरीच्या कोवळ्या फोकाची साल चिरायची, चांगल्या जातीच्या बोरीचा डोळा त्या चिरेत बसवायचा आणि वरून बांधायचं. डोळा जगला की त्याच गावठी मुळांवर मोठाली, गोड बोरं लागतात. नबीसाब दिवसभर तिथेच उकिडवा बसून राहिला. दिवस कलताना त्याने चाकू मागून घेतला आणि एक डोळा भरला. कोंडीबाने निरखून पाहिलं.

"बोटं चांगली हायत की तुमची."

एवढ्या एका वाक्यासाठी माणूस किती दिवस उपाशी होता, ते त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. आठवड्याभरात त्याने गठ्ठ्यांचं काम सोडून दिलं.

बायकोने, लालबीने, कपाळाला हात लावला. "गिरनी गई सो गई, अब काट्यांमें कायकू जाते जी?" पण हात ओरबाडून घेऊन घरी येणारा नवरा जेवताना हसतो, उघड्या हवेने त्याचा खोकलाही उतरलाय, हे तिलाही दिसत होतं. ती पुढे बोलली नाही.

अडचण वेगळीच होती. डोळा भरायचा तर आधी उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या छाटाव्या लागतात, म्हणजे त्या वर्षीची बोरं गेलीच. गिरणीतल्या माणसाच्या हाती स्वतःचं झाड कोण देणार? दिलं ते मोडनिंबच्याच सोजरबाईने. नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई. बांधावर एकच मोठी बोर, आणि हिवाळ्यात तिची बोरं बाजारात विकून तेलामिठाचं भागवायची. "भाऊ म्हून बोर जगवायचा सबूद देताय, तर छाटा," ती म्हणाली. शेजारचा महिपती बांधावर उभा राहून मजा बघत होता. टेंभुर्णीच्या रस्त्याला त्याच्या गावठी बोरींची रांगच्या रांग होती. "सोजराक्काची बोर जगवून दावा," तो म्हणाला, "मग माझ्या समद्या तुमाला." नबीसाबचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका झाडाला येऊन टेकलं.

आषाढात फोक तरारले. खालच्या फांद्यांवर त्याने उभ्याने डोळे भरले, वरच्यांवर शिडी लावून. बांधायला कोंडीबाने केळीच्या खोडाचं सुकं सोपट दिलं होतं. नबीसाबला हसू आलं. चार पावसांत कुजून गळणारी चीज ती! त्याने घरून गिरणीचं सूत आणलं, पीळ देऊन त्याला मेण चोळलं आणि एकेका डोळ्यावर आपली ती गाठ मारली.

"म्हैन्याभरात सोडाय या मातर," कोंडीबा म्हणाला. "फोक जाड हुत्यात."

डोळे हिरवे राहिले, त्यांतून इवलाली पानं फुटली. शिडीवरून उतरताना नबीसाबला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

आणि मग तो आजारी पडला. ताप, वर छातीतला जुना खोकला. तो अंथरुणाला खिळला आणि जीव बोरीला टांगलेला. लालबीने त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. भादव्यात अंगात थोडा जोर येताच त्याने एसटी गाठली.

बांधावर पोचण्याआधीच त्याची नजर वर गेली. बोरीचा शेंडा वाळला होता. धापा टाकत तो शिडी चढला. सूत सालीत रुतून बसलं होतं. वरून खालून फोक टरारून सुजला होता आणि मध्ये गळा आवळलेला. त्याने नुसता हात लावला, तर फोक कट्कन मोडून हातात आला. गाठ होती तशीच होती. त्याची एकही गाठ सुटली नव्हती.

खाली मात्र फांद्या हिरव्यागार होत्या. झाडाखाली सोजरबाई मान खाली घालून उभी होती, आणि नबीसाब आल्याचं पाहून महिपतीही येऊन ठेपला होता.

"नबीभाऊ, चूक माजी झाली," सोजरबाई म्हणाली. "खालचं दोरं मी इळ्यानं तोडलं. गळ्याला फास बसल्यागत दिसत हुतं, बगवंना मला. हात पुरला तितलं तोडलं. तवापास्नं वरलं वाळाय लागलं."

"तुला कुनी सांगितलं हुतं गं शानपन कराय?" महिपती तिच्यावर खेकसला. मग नबीसाबकडे वळून म्हणाला, "जाऊ द्या. तुमची काय चूक न्हाय. आमच्या बोरींना तेवडं बायामानसांचं हात लागू देऊ नका."

आता फक्त गप्प बसायचं होतं. महिपतीच्या साऱ्या बोरी नबीसाबला मिळत होत्या. त्याला सात रस्त्यावरचे गठ्ठे दिसले, लालबीचं तोंड दिसलं. गप्प बसावं असंच त्याला फार वाटत होतं. सोजरबाई पदराने डोळे पुसत होती.

"उलटं हाय, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "आक्कानं तोडलं तितलंच जगलं. बाकीचं माझ्या गाठीनं मेलं."

महिपतीने एकदा वर पाहिलं, एकदा खाली. "मग आमचं फुडल्या साली बगू," म्हणाला आणि चालू लागला. त्या पुढल्या सालाचा अर्थ नबीसाबला कळला. तो झाडाच्या बुडाशी बसला.

सोजरबाईने शेंड्याकडे बघत विचारलं, "वरचं पुन्ना फुटंल न्हवं?"

"फुटंल."

"मग पुन्ना भरा. काय न्हायी तर फुडच्या हिवाळ्याला तरी हुतील."

पिशवीच्या तळाशी कोंडीबाने दिलेलं सोपट तसंच पडलं होतं. नबीसाबने ते घागरीतल्या पाण्यात भिजवलं आणि सरावासाठी एका काटकीवर गुंडाळलं. सहज सुटेल अशी गाठ मारायची होती. बोटं फिरली आणि निरगाठ बसली. त्याने ती नखांनी उकलून पुन्हा बांधलं. पुन्हा निरगाठ. इतक्या वर्षांत त्याच्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं.

सोजरबाईने काटकी त्याच्या हातातून घेतली आणि वासराचं दावं बांधावं तशी सुरगाठ मारली. "आसं. जरा वडलं की सुटाय पायजे."

नबीसाबने काटकी घेतली, डोळ्यांजवळ धरून हळूहळू बांधलं आणि तिच्यापुढे केली. तिने टोक धरून ओढलं. गाठ सुटली नाही.

"आनि एकदा," ती म्हणाली.