निंबोळवाडीतली परक्याच्या हातची भाकरी

ईस्टरचा रविवार झाला आणि सोमवारी सकाळीच पाद्रीसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"भोकरदनच्या पुढं निंबोळवाडी आहे, सुमती," ते म्हणाले. "तिथल्या राहेलबाई आता म्हाताऱ्या झाल्या. त्या पुस्तकातलं शिकवतात की मनचं, वाचून शिकवतात की आठवून, ते पाहून ये. आणि लिहून दे."

राहेलबाई म्हणजे आमच्या मिशनच्या बायबलबाई. वस्तीतल्या बायांना जमवून शुभवर्तमान वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, प्रार्थना शिकवायची, हे त्यांचं काम. आता नवा नियम निघाला होता: बायबलबाईला नीट वाचता आलंच पाहिजे. ज्यांना येणार नाही त्यांनी काम सोडून जालन्याच्या विधवाश्रमात राहायला यावं. म्हणजे राहेलबाईंनी निंबोळवाडीत राहायचं की नाही, हे माझ्या कागदावर ठरणार होतं.

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, आई तिथलेच कपडे धुते. माझ्यावर असं काम सोपवलेलं पाहून बाबांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं. मीही मनातून फुलले होते. शुद्ध शिकवण म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, अशी माझी तेव्हा खात्री होती.

तुमच्यापैकी कोणाला त्या बाजूला जायचं असेल, तर सर्व्हिस मोटार जालन्याहून सकाळी सुटते. सुटते म्हणजे भरली की सुटते. बायकांची जागा ड्रायव्हरच्या मागं असते. तिथं इंजिनाची धग लागते, पण धूळ कमी येते. भाडं निजामाच्या हाली शिक्क्यात द्यावं, इंग्रजी रुपया दिला तर कंडक्टर बराच वेळ हिशेब करत बसतो. राजूरला गणपतीची माणसं उतरतात, तिथं चहा मिळतो. आमचा ड्रायव्हर "जल्दी करो, जल्दी" म्हणून ओरडत होता आणि स्वतः मात्र निवांत बशीत फुंकर घालत होता.

रस्ताभर कापसाची रानं मोकळी पडलेली. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. कडुनिंब तेवढे फुललेले. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि मग मध्येच त्या मोहराचा कडवट गोड वास यायचा. भोकरदनला पोचेपर्यंत दुपार झाली. केळणा नदीत पाण्याची डबकी राहिली होती. तिथून जाफराबादच्या वाटेनं जाणारी एक बैलगाडी मिळाली, पण गाडीवान निंबोळवाडीच्या फाट्यावरच थांबला.

"इथून पायी जा, ताई. हे काय, दिसून राह्यलं गाव."

गाव दिसत होतं खरं, पण चालायला तास गेला. छत्री आणि पाण्याचा तांब्या घेतल्याशिवाय या दिवसांत तिकडं जाऊ नका. माझं पाणी अर्ध्या वाटेतच संपलं.

दिवस कलला होता. आमच्या लोकांची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. माझे आजोबाही अशाच एका वस्तीतले. वस्तीच्या तोंडाशी मोठा कडुनिंब, त्याखाली नवराबायको उभे. बाईच्या हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी. मी जवळ पोचते तोच माणूस आडवा आला आणि हात जोडून म्हणाला, "दिवस कलला, बाई. थांबा जरा."

मला वाटलं, पाद्रीसाहेबांची चिठ्ठी आधीच पोचली. बाईनं भाकरी पुढं केली. "मोडा," ती म्हणाली. ज्वारीची भाकरी, अजून ऊन होती. सकाळपासून पोटात फक्त राजूरचा चहा. मी निंबाखालच्या दगडावर बसले, भाकरी मोडली आणि खाऊ लागले.

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. मग बाईला हसू आवरेना.

"अहो, तुम्ही तर खाल्ली की!"

"मग काय करायची होती?"

"मोडून आम्हाला द्यायची व्हती," माणूस म्हणाला. तोही हसत होता. "आता आज आम्ही उपाशी."

त्याचं नाव शमुवेल, तिचं मर्था. वस्तीत जाता जाता त्यांनी मला सगळं सांगितलं. ईस्टरपासून पुढच्या रविवारपर्यंत रोज एका घराची पाळी असते. दिवस कलताना त्या घरानं निंबाखाली उभं राहायचं आणि वाटेनं जो पहिला परका येईल त्याला थांबवायचं. उठलेला प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोघांना भेटला, ते त्याला परकाच समजले, आणि त्यानं भाकरी मोडून दिली तेव्हा त्यांना ओळख पटली. म्हणून इथं परक्याच्या हातून भाकरी मोडून घ्यायची. त्याला उपदेश करायचा नाही, धर्म विचारायचा नाही. भाकरी मोडून दिली की तो आपल्या वाटेनं मोकळा.

"कोण कोण येतं?" मी विचारलं.

"कासार आल्ता एक साल. एकदा फकीर. एकदा तर जमादार," मर्था म्हणाली. "लई तापला. तुकडे करून आमच्या अंगावर फेकले."

"मग?"

"मंग काय, उचलून खाल्ले. त्याच्याच हातचे व्हते ना."

हे मला फार आवडलं. पण मी तपासायला आले होते. राहेलबाईंच्या दाराशी पोचले, त्यांना नमस्कार केला, आणि बाज टाकून त्यांनी मला पाणी दिल्यावर माझ्यानं राहवेना.

"पण राहेलबाई, अम्माऊसला प्रभू त्या दोघांबरोबर जेवला होता. पाहुण्यानं खाल्लं तर चुकलं कुठं?"

राहेलबाई सुपातली ज्वारी चाचपून खडे काढत होत्या. बुटक्या, ताठ पाठीच्या, पांढरं लुगडं. मान न उचलता म्हणाल्या, "न्हाई जेवला."

"जेवला, बाई."

"बिलकुल न्हाई. मोडली, दिली आन् गेला. भाकरी त्या नवराबायकोनं खाल्ली."

"नवराबायको कसे? ते दोघे शिष्य होते."

"शिष्य असले म्हणून काय बायको न्हाई का?" मर्था दारातून म्हणाली. "दिवस कलला, ऱ्हा आमच्या घरी, असं बाईमाणसाबिगर कोन म्हणतंय? गडी म्हणतो, चला, येतो."

शमुवेलसकट सगळी हसली. मी वहीत लिहिलं: दोन चुका. प्रभू जेवला नाही असं शिकवतात. दुसरा शिष्य स्त्री होती असं शिकवतात. जेवताना राहेलबाईंनी त्या घरात भाकरीबरोबर ठेचा होता असंही सांगितलं. तिसरी चूक लिहायला घेतली, पण मलाच हसू आलं आणि ती सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया जमल्या. बाया कामावर जायच्या आधीचा हा वर्ग पाहण्यासारखा असतो. कोणी दळण डोक्यावर घेऊनच बसते, कोणी पोराला पाजते. राहेलबाईंनी मांडीवर पुस्तक उघडलं आणि प्रभूनं तळ्याच्या काठी विस्तव पेटवून मासे भाजले, ती गोष्ट वाचायला लागल्या.

"मरणातून उठला," त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "आन् पहिलं काय केलं त्यानं? रातभर राबून आलेल्या गड्यांसाठी चूल पेटवली. या, न्याहारी करा, म्हनला. सांगा, राजवाड्यात गेला का तो?"

"न्हाई!" बाया म्हणाल्या.

"मंग चुलीपाशी बसता तव्हा एकट्या हाव असं समजू नका."

मी इतकी वर्षं पुनरुत्थानावर प्रवचनं ऐकली, परीक्षेत उत्तरं लिहिली. उठलेला प्रभू धुरात डोळे चोळत विस्तव फुंकतोय, असं चित्र कधी डोळ्यांपुढं आलं नव्हतं. एक म्हातारी पुढं सरकून म्हणाली, "माझी चूल लई धुरावती, त्याला सांगा," आणि पुन्हा हसणं झालं.

तेवढ्यात माझी नजर राहेलबाईंच्या पुस्तकावर गेली. शब्द बरोबर येत होते, पानही वेळेवर उलटत होतं. पण मांडीवर उघडलं होतं ते भलतंच, स्तोत्रसंहितेचं पान.

काल सुपातले खडे त्यांनी बोटांनी शोधले होते ते आठवलं. मर्थाकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि साऱ्या वस्तीनं ते झाकून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी राहेलबाईंची पाळी होती. आम्ही निंबाखाली जाऊन बसलो. बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी भोकरदनच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला. धोतर, पटका, हातात काठी. शमुवेल ताडकन उठून बाजूला झाला.

"दाजीबा मालक," तो हळूच मला म्हणाला. गावातले मोठे शेतकरी ते, वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या रानात राबतात. आमच्या माणसाची सावली पडली तर ते वाट बदलतात. "राहेलमाय, ऱ्हाऊ दे. दुसरा येईल कोनी."

पण राहेलबाई पावलांचा आवाज ऐकून आधीच वाटेवर गेल्या होत्या.

"दिवस कलला, बाबा. थांबा जरा. एवढी भाकरी मोडून द्या."

दाजीबा जागीच थांबले. "म्हातारे, डोकं फिरलं का? रस्ता अडवून राह्यली! मी कोन हाय दिसतंय का तुला?"

मर्थानं माझा हात धरला. तिला भीती दाजीबांची नव्हती, माझ्या वहीची होती.

राहेलबाई भाकरी तशीच पुढं धरून उभ्या होत्या. "न्हाई दिसत, बाबा," त्या म्हणाल्या. "दोन साल झाले, कोनाचंच तोंड दिसत न्हाई. म्हणून तर येईल त्याला थांबवती."

दाजीबांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. गावातलं कोणी वाटेवर नव्हतं. आम्ही होतो, पण त्यांच्या लेखी आम्ही असून नसल्यासारखे.

"खायची न्हाई ना?"

"न्हाई. नुसती मोडा."

"जल्दी दे मग."

काठी काखेत मारून त्यांनी भाकरी घेतली. एकदम अर्धी केली. मग काय वाटलं कोण जाणे, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन केले, आणि वरून न टाकता राहेलबाईंच्या हातावर ठेवले. काठी घेऊन निघाले ते मागं न पाहता. ओढ्याशी मात्र खाली वाकले.

"हात धुऊन राह्यले," मर्था म्हणाली.

"धुऊ दे," राहेलबाई म्हणाल्या. "दिली तर खरी."

त्यांनी तुकडे चाचपले, सगळ्यात मोठा मला दिला आणि म्हणाल्या, "आता ही खा. ही खायचीच हाय."

मी खाल्ली.

सकाळी उठून, कोणी जागं व्हायच्या आत, मी माझं शुभवर्तमान काढलं आणि ती गोष्ट शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली. त्यानं भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडून त्यांना दिली, त्यांनी त्याला ओळखलं आणि तो दिसेनासा झाला. जेवायला बसला एवढं आहे, जेवला असं कुठंच लिहिलेलं नाही. दोघांपैकी एकाचं नाव आहे. दुसरं कोण, पुरुष की बाई, पुस्तक सांगत नाही. मी आयुष्यभर वाचलं होतं ते माझ्या मनचं होतं, आणि डोळे गेलेली बाई पुस्तकाला धरून सांगत होती. ठेचा सोडून.

निघताना राहेलबाई फाट्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून आल्या.

"लिव्ह पोरी, खरं ते लिव्ह. म्या लपवलं, ते बराबर न्हाई. पर मला आश्रमात बसवू नका. तिथं रस्त्यानं जाणाऱ्याला कोन थांबवतंय?"

परतीची मोटार भोकरदनहून दुपारी निघते, पण जागा धरायची तर तासभर आधी जा. मला टपावरच्या गाठोड्यांशेजारची जागा मिळण्याची वेळ आली होती. एका बोहरी व्यापाऱ्यानं सरकून घेतलं म्हणून बसायला मिळालं. वाटभर मी मनात मजकूर जुळवत होते. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं पुरतं लिहायचं होतं.

पाद्रीसाहेबांनी कागद माझ्यासमोरच वाचला. त्यात होतं: राहेलबाईंना दिसत नाही, त्या वाचू शकत नाहीत, आणि हे त्यांनी दोन वर्षं लपवलं. त्या शिकवतात ते पुस्तकाबरहुकूम आहे. मी दोन चुका काढल्या होत्या, दोन्ही माझ्या निघाल्या. निंबोळवाडीची वस्ती उठलेल्या प्रभूला ओळखते, आणि वाटेवर उभं राहून त्याची वाट पाहते.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी आपलं पुस्तक ओढलं आणि ती ओळ काढली. बोट तिथंच ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं मी जेवला म्हणून सांगतोय."

राहेलबाई निंबोळवाडीतच राहतील, असं त्यांनी ठरवलं. वाचून दाखवायला मर्थानं शिकावं. मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया आमच्याच दवाखान्यात होते, तेव्हा त्यांना लगेच आणावं, असा निरोपही धाडला. दोन दिवसांनी मोटारीच्या ड्रायव्हरकडून उलटा निरोप आला: पाळ्या पुऱ्या झाल्याशिवाय येत नाही.

हे सगळं मी ईस्टरनंतरच्या रविवारी दुपारी घरी सांगितलं. आईनं तव्यावरची भाकरी काढली. आमच्याकडं बाबा आधी जेवतात, मग मी, आणि आई सगळ्यांत शेवटी, चुलीपाशीच. मी भाकरी उचलून बाबांपुढं धरली.

"मोडून द्या."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग भाकरी मोडली आणि, चुलीकडं वळून, पहिला तुकडा आईपुढं केला.

आईचे हात पिठाचे होते. ते पदराला पुसून तिनं तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. बाबांच्या तोंडाकडं पाहत राहिली, कोणी नवीन माणूस घरात यावं तशी.

"खा ना," बाबा म्हणाले. "ऊन आहे तोवर."